नाटक

चुलीवरची भाकर करपत होती, तरी चंदाचा हात तव्याकडे गेला नाही. पाळण्यात तिची तान्ही मुलगी रडून रडून लाल झाली होती आणि आई भिंतीकडे पाहत बसली होती.

"पाह्य तिच्याकडं," सासूबाई गोमतीबाई थोरल्या सुनेला म्हणाल्या, "पोरगी झाली तवापासून हेच चालू हाये. आमी काय लेकरं पैदा केली नाई? नाटकं हायेत समदी!"

थोरली सून ज्योत्स्ना गावची आशाताई होती. बाळंतिणींची तपासणी, लेकरांच्या लसी सारे तिच्याकडे. पण जावेच्या या मुकेपणाला काय म्हणावे हे तिलाही कळत नव्हते. चंदाचा नवरा अमरदीप तिला भगताकडे नेण्याच्या गोष्टी करत होता. हाडामांसाला दुखले तर आपण डॉक्टर गाठतो आणि मनाला दुखले की भगत! ज्योत्स्नाचे त्या दिवशी मालेगावला प्रशिक्षण होते, विषय मानसिक आरोग्याचा. बस चुकेल या घाईत तिने भाकर उतरवली, मुलीला आईच्या मांडीवर दिले आणि पिशवी उचलली.

"ताई," चंदा हळूच म्हणाली, "पोरीले तुमी पाहसान ना?"

"पाहीन ना वं. संध्याकाळी येतोच मी."

मालेगावला प्रशिक्षणात जेवणे झाल्यावर शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आता एक नाटक करू. एकीनं पेशंट व्हायचं, दुसरीनं आशाताई." बायका खुदखुदल्या. ज्योत्स्नाला पेशंट केले. समोर शेजारच्या गावची वैजयंती बसली. काय बोलावे ते सुचेना, तेव्हा ज्योत्स्नाने जावेच्या तोंडून कधीमधी ऐकलेले बोलच उसने घेतले.

"झोप येत नाई. लेकरू रडते, पण उचलावसं वाटत नाई. मी घरात नसली तं समद्यायचं बरं होईन, असं वाटते."

हसणे थांबले. बाईंनी सकाळीच बजावले होते, हा प्रश्न सरळ विचारायचा. विचारल्याने कोणाच्या डोक्यात नसते खूळ शिरत नाही, उलट माणसाचा जीव हलका होतो. वैजयंतीने तो विचारला.

"मरायचा इचार येते काय मनात?"

ज्योत्स्ना उत्तर शोधू लागली आणि तोंडातून आपसूक सकाळचे वाक्य निघाले, "पोरीले तुमी पाहसान ना?" ती ताडकन उभी राहिली.

तिने घरी सासूला फोन लावला. "आत्या, चंदा कुठी हाये? तिले एकटी सोडू नका!"

"पोरीले निजवून पाण्याले गेली. काहून वं, तुह्यावरबी तिची सावली पडली काय?"

"आत्या, धावा!"

गोमतीबाईंनी फोन ठेवला आणि पुन्हा तूर निवडायला बसल्या. नाटकामागे कोण धावते?

ज्योत्स्ना बसमधून उतरली तेव्हा सारे गाव विहिरीवर जमले होते.

"पाय घसरला," अमरदीप ज्याला त्याला सांगत होता. चंदा गेली होती, तरी तिचा आजार कबूल करायची घराची तयारी नव्हती. ज्योत्स्नाचा संताप आणि रडू एकदमच उसळले.

"पाय नाई घसरला, भाऊजी! ते आजारी होती. आपुन समद्यायनं तिले नाटकी म्हणलं. मीबी तिच्याजवळ बसली नाई."

तेरवी झाली आणि गोमतीबाईंनी अन्न सोडले. रिकाम्या पाळण्याजवळ त्या भिंतीकडे पाहत बसत. मुलगी आता ज्योत्स्नाच्या कुशीत वाढत होती. "जित्तेपणी सुनेचा जीव खाल्ला, आता नाटक करून राह्यली म्हातारी," शेजारणी कुजबुजल्या.

तो शब्द ज्योत्स्नाच्या काळजात घुसला. सासूवरचा तिचा राग अजून ओसरला नव्हता. खरे तर तिला त्यांचे तोंडही पाहवत नव्हते. पण या गावात ज्या घरात तो शब्द ऐकू येईल त्या घरात जाऊन बसायचे, असे तिने चंदाच्या चितेसमोर ठरवले होते. पहिले घर तिचे स्वतःचेच निघाले. मुलीला मांडीवर घेऊन ती सासूच्या शेजारी बसली.

"आत्या, मरायचा इचार येते काय मनात?"

गोमतीबाईंनी भिंतीवरची नजर काढली.

"येते," त्या म्हणाल्या.

ज्योत्स्नाने त्यांचा हात घट्ट धरला. "उद्या आपुन दोघी दवाखान्यात जाऊ. मी तुमाले एकटी सोडत नाई."

म्हातारीने नातीच्या पायाला हात लावला आणि तिला हुंदका फुटला.

"चंदाले असं कोणीच इचारलं नाई वं."