बाटी

आमच्या डॉ. नयनना स्पॅनिश येते. दारव्ह्याच्या भगवानरावांचा हा मुलगा. त्याला अमेरिकेत जायचंय, आणि तिथल्या दवाखान्यात निम्मे पेशंट स्पॅनिश बोलतात असं कुणीतरी त्याच्या कानात भरलंय. म्हणून आमच्या आरोग्य केंद्रात दिवसभर त्याचा मोबाईल बडबडत असतो, 'दोंदे ले दुएले?' म्हणजे, कुठे दुखतंय? हेच समोर बाकावर बसलेल्या माणसाला मराठीत विचारायला मात्र साहेबांना फुरसत नसते. सर्टिफिकेटसुद्धा आहे. 'रुग्णाच्या संस्कृतीचा मान राखणे' या धड्यात शंभरपैकी ब्याण्णव! मी अठरा वर्षं इथं नर्स आहे, मला कुणी पासदेखील केलं नाही.

बुधवारी शुगरची तपासणी होती. उपाशीपोटी या, असं साहेबांनीच सांगितलं होतं. गोळी घ्यायची की नाही, तेवढं सांगायचं राहिलं. तांड्यावरच्या लालीबाईनं सकाळची शुगरची गोळी घेतली, पोटात कण घातला नाही, आणि काळीपिवळी जीपनं आली. जीपवाल्या बबलूनं तिला बाकावर बसवलं आणि तो पुढच्या फेरीला निघून गेला.

मी आत पोरांना लस देत होते. बाहेर आले तर लालीबाई घामानं निथळत होती. हात थरथरत होते, मान एका बाजूला कलली होती. एरवी ती वऱ्हाडीत माझी फिरकी घेते. आज तोंडातून फक्त गोरबोली, बंजाऱ्यांची घरची भाषा, आणि तीही अडखळत.

"बाटी... बाटी कोनी खादी..."

"ऐकलंत, सिस्टर? बाटली!" साहेबांनी एका कानातला इयरफोन काढला. "सकाळी दहाला! ह्या तांड्यावरच्या बायका पण ना... झोपवा तिला तिकडे. उतरली की जाईल घरी." आणि केसपेपरवर ठळक अक्षरांत लिहिलं, दारूच्या नशेत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला तशीच झोपवली असती तर ती उठलीच नसती. आणि हा माणूस बंजाऱ्यांनी गजबजलेल्या दारव्ह्याच्या बाजारात लहानाचा मोठा झालेला!

"बाटली नाही साहेब, बाटी! बाटी म्हंजे भाकर. भाकर खाल्ली नाही म्हून सांगून राह्यली ते."

मी तिच्या बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडा आला, एक्केचाळीस; सत्तरच्या खाली गेली तरी धोका असतो. आता साहेबांचा चेहरा उतरला. ते ग्लुकोजची बाटली शोधायला धावले, आणि तीच बाटली तेवढी त्यांना सापडेना. तोवर मी चहाच्या डब्यातली साखर पाण्यात ढवळून लालीबाईला घोटघोट पाजली.

तासाभरात ती उठून बसली. केसपेपरवर काय लिहिलंय ते मला वाचायला लावलं. मी वाचलं.

"खोड ते," ती साहेबांना म्हणाली. "अख्ख्या जन्मात दारूले हात नाही लावला म्या."

साहेबांनी खोडलं. "सॉरी, आजी. मला तुमची भाषा येत नाही ना."

"अन् ते मोबाईलातली?"

"ती स्पॅनिश. परदेशात पेशंटशी बोलायला लागते."

"तिकडं भाकरीले काय म्हंतेत?"

साहेब खुलले. पहिल्याच धड्यातला शब्द होता.

"पान."

लालीबाईनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हंजे तिकडची उपाशी बाई 'पान, पान' करत मरन," ती म्हणाली, "अन् तुमी तिले म्हनान, बाई, दवाखान्यात थुंकू नोको."