दोक्जा आजींचे बोट

कोरोनाच्या पहिल्या हिवाळ्यात बेटावरच्या आरोग्य केंद्रात आम्ही दोघीच होतो, प्यो सिस्टर आणि मदतनीस म्हणून मी. डॉक्टर समुद्रापलीकडे, फोनवर. ज्यांना संसर्ग झेपणार नाही अशा अकरा म्हाताऱ्यांना सिस्टरांनी घरीच थांबवले होते. प्रत्येकाला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर दिला होता आणि रोज सकाळी आठला मी फोनवर आकडे लिहून घेत असे.

या अकरांत सगळ्यात नाजूक मालसुन आजी. वय एक्याऐंशी, फुप्फुसे चुलीच्या धुराने गेलेली, त्यात संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारे औषध. त्यांचा नेहमीचा ऑक्सिजन एक्क्याण्णव. नोव्हेंबरअखेरीस तो अचानक अठ्ठ्याण्णव झाला आणि सलग तीन दिवस तसाच राहिला. नाडी बासष्ट.

पहिल्या दिवशी मला आनंद झाला. तिसऱ्या दिवशी वाटले, अशी फुप्फुसे सुधारत नाहीत. शिवाय आजींची नाडी नव्वदच्या खाली मी कधी पाहिली नव्हती. बेटावर बासष्ट नाडी एकाच बाईची: शेजारच्या दोक्जा आजींची. चाळीस वर्षे श्वास रोखून त्यांनी समुद्रतळावरून शिंपले काढले होते.

मी सायकल काढली.

मालसुन आजींच्या अंगणात हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचे तिखट लोणचे, घालणे चालले होते. कोबीचे साठेक गड्डे, मिठाच्या पाण्याचे टप आणि टपाभोवती तीन आज्या, मास्क हनुवटीवर.

"आली बघा पोलीस!" दोक्जा आजी म्हणाल्या.

"आजी, रोज सकाळी बोट कुणाचं लावता?"

"माझं. हिचे मार्क कमी पडत होते, म्हणून मी दिले थोडे."

"हे मार्क नाहीत हो!"

मालसुन आजी मान वर करीनात. "सोमवारी चौऱ्याऐंशी दाखवलं त्या यंत्रानं," त्या पुटपुटल्या. "तुला सांगितलं असतं तर तू पलीकडच्या दवाखान्याची बोट बोलावली असतीस. त्या बोटीनं गेलेली पाक आजी राख होऊन आली. शेवटी जवळ कुणी नव्हतं तिच्या."

मी त्यांचा हात धरला. बर्फासारखा, ओला, सांधे वाकडे. गार बोटावर ऑक्सिमीटर चुकतो, हे मला माहीत होते. पण आकडा खरोखर उतरला असेल तर? मी बाकीच्या दोघींना भिंतीकडे दूर बसवले, सिस्टरांना फोन केला आणि मालसुन आजींना घरात नेऊन ऊबदार जमिनीवर, रजईत हात घालून बसवले. घड्याळ लावून दहा मिनिटे.

अठ्ठ्याऐंशी.

नेहमीपेक्षा तीन कमी. सत्त्याऐंशीला बोट बोलवायची, असे सिस्टर आणि डॉक्टरांचे ठरलेले होते. आजी माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

सिस्टर संरक्षक गाऊन चढवून आल्या. छाती दोनदा ऐकली, ताप पाहिला, नाकातून नमुना घेतला, डॉक्टरांशी बोलल्या. मग आजींसमोर मांडी घालून बसल्या.

"ताप नाही. घरघर वाढलीय, ती गारठ्यात बसून असेल किंवा कोरोनाची असेल. उद्या दुपारी कळेल. तोवर औषधाचा फवारा दर चार तासांनी, आणि दर दोन तासांनी ही मुलगी येऊन मोजेल. तुमचं स्वतःचं बोट."

"आणि सत्त्याऐंशी आलं तर?"

"तर बोट. पण मी तुमच्याबरोबर बसेन त्या बोटीत, आणि मला तुमच्याजवळ आत सोडेपर्यंत दवाखान्याच्या दारातून हलणार नाही. कबूल?"

आजींनी रजई अंगाभोवती ओढून घेतली. "कबूल," त्या म्हणाल्या. "पण कोबी? मिठातला कोबी आत्ता उलटला नाही, तर वरचा कच्चा राहील."

बाकीच्या दोघींना निकाल येईपर्यंत आपापल्या घरी राहायचे होते. दोक्जा आजी जाताना सिस्टरांकडे बघून म्हणाल्या, "मी शहाणपणा करायला गेले आणि हिचाच घात केला असता." मग माझ्याकडे वळून, "मुली, लांब हातमोजे घाल."

तेव्हा कोबी उलटायचे काम माझ्याकडे आले. साठ गड्डे, एकेक पान उचलून, दोन मापनांच्या मधल्या वेळात. मालसुन आजी बंद खिडकीच्या काचेवर टकटक करून ओरडत.

"देठाला मीठ! पानाला नको! विद्यापीठात शिकवलं काय तुला?"

चार वाजता एकोणनव्वद. सहाला अठ्ठ्याऐंशी. रात्री आठला एकोणनव्वद. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला: कोरोना नाही. मी अंगणातून काचेपाशी जाऊन ते सांगितले.

आजींनी डोळे मिटले, उघडले आणि काचेपलीकडून माझ्या टपाकडे बोट केले.

"बरं झालं. आता ते गड्डे धू. तीनदा."