जावयाच्या जागेवरून निसटलेली लांडगी

आमचे जावई लेम्युएल हल्ली बूट धुऊन घरात येतात. चार वर्षं माझ्या लाकडी जमिनीवर चिखल उमटवत आलेला माणूस हा! मी लेकीला म्हटलं, "थर्झा, तुझा नवरा ओढ्याकडून येतो. टाचेच्या खाचेत राहिलेली ती पिवळी माती दुसरीकडे कुठे आहे?" तर म्हणते, "आई, तुला सगळ्यांतच खोट दिसते."

दिसते, कारण असते.

आम्ही आयोवात आलो तेव्हा अस्वलं संपली होती, पण लांडगे गवतातून कळपाने फिरत. मग सरकारी कचेरीत लांडग्याच्या डोक्याचं कातडं कानांसकट दिलं की बक्षीस मिळायला लागलं. आता साऱ्या भागात एकच लांडगी उरलीय; नर हिवाळ्यात कुठूनसा येऊन जातो. लेम्युएल दर एप्रिलला ओढ्याकाठचं तिचं बीळ खणून पाच-सहा पिल्लं मारतात नि त्यांचं बक्षीस आणतात. ती स्वतः मात्र कधी सापडत नाही. आणि यंदा माझी अकरा कोकरं गेली. अशीच जात राहिली तर कळप संपला म्हणायचा.

शनिवारी तिला घेरायला हाका झाला. तीन गावचे पुरुष सोटे घेऊन, शिंगं फुंकत, रिंगण आवळत आले. एकमेकांना गोळी लागायला नको म्हणून बंदुका घरी. आम्ही बायका टेकाडावरून बघत होतो. लांडगी उठली ती थेट लेम्युएलकडे धावली, आणि नेमके जावई आडवे झाले! ती अंगावरून उडी मारून पसार.

"कसल्याशा बिळात पाय अडकला हो, सासूबाई," म्हणाले. लंगडतही होते. शेतात डावा पाय, जेवायला बसताना उजवा.

रविवारी चर्चमधून मी परस्पर ती जागा बघून आले. तळहातासारखी सपाट. घरी जावई मक्याच्या भाकरीवर काकवी ओतत बसलेले.

"जावईबापू, तुमचं बीळ कोणी बुजवलं?"

"कुठलं बीळ?"

"तेच म्हणते मी. कुठलं?"

ते थर्झाकडे बघू लागले. तिने पळी खाली ठेवली.

"ती मेली तर पुढच्या वर्षी पिल्लं कुठून आणू?" ते पुटपुटले. "मला दुसरं काय येतं, सासूबाई? शेवटची आहे ती."

"कोकरंही शेवटचीच उरलीत माझी," मी म्हटलं. "तुम्ही तिला पाळलंत ना? मग आजपासून अंथरूण मेंढ्यांच्या दारात टाका. ती आली की पुढे व्हा. तुम्हांला ओळखते ती, मला नाही."