तांबडीला हात कुणाचा

माझी बायको दगडाबाई श्रावणात गेली. तिच्यामागं आठ दिवसांत आमची घोडी बिथरली. तांबडी तिचं नाव. जवळ गेलं की दात दाखवी, पाठीवर खोगीर टाकू देईना. आम्ही धनगर. विट्याच्या पुढं आमचं गाव. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि सगळा संसार घोडीच्या पाठीवर न्यायचा. म्हणून माझा मुलगा दिग्विजय म्हणाला, दिवाळीपर्यंत घोडीनं ओझं घेतलं नाही तर व्यापाऱ्याला बोलावतो. त्याचं चुकत नव्हतं. पण आठ वर्षं दगडाबाईनं चालवलेली घोडी मला विकायची नव्हती.

लोकांनी हायवेवरचा एक मोठा तबेला सांगितला. तिथला माणूस म्हणाला, पंधरा दिवसांत वरातीत नाचवून देतो. मला नाचवायची नव्हती. तो पुढून चालला की तिथल्या घोड्या कान पाडून मागं सरकत होत्या. एकीच्या ओठांच्या कडा लगामानं सोलल्या होत्या. मी चहा न घेता परत फिरलो.

मग शिराळ्याजवळ अल्लाबक्षभाईंकडं गेलो. त्यांचे वडील सांगलीत टांगा चालवायचे. आता अल्लाबक्षभाई बिथरलेली घोडी सुधारतात आणि त्यांची लेक नूरीन पोरांना घोड्यावर बसायला शिकवते. ते आत आले तशी घोड्यांनी दारावरून तोंडं बाहेर काढली. तिथंच माझं ठरलं. दुसऱ्या दिवशी तांबडीला टेम्पोतून घेऊन गेलो.

त्यांनी तांबडीला हात लावला नाही. आधी मला विचारलं, "पाव्हणं, हिच्या अंगाला रोज हात कुणाचा?"

तिथं आणखी चार माणसं बसली होती. मी म्हणालो, "माझाच की."

खोटं बोललो. आमच्यात बाप्ये मेंढरांबरोबर पुढं जातात. घोडी लादायची, चालवायची, मुक्कामाला सोडायची, सगळं बायांचं. आठ वर्षांत मी तिच्यावर एक हंडासुद्धा बांधलेला नव्हता. पण हे चार माणसांत कसं सांगायचं, असं वाटलं.

तांबडीला त्यांच्याकडं ठेवून मी घरी आलो. दहा दिवसांनी अल्लाबक्षभाईंचा फोन आला. गेलो तर त्यांचा कोपर सुजलेला, आणि तांबडीच्या बरगड्या दिसत होत्या. वैरण खात नव्हती. ते रागावतील असं वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले, जमत नाही म्हणजे माझंच कुठंतरी चुकतंय, दुसरा कुणी चांगला माणूस असेल तर मी स्वतः तुमच्याबरोबर येऊन बघतो.

मग मी खरं सांगून टाकलं.

"भाई, चूक माझी हाय. हात माझा नव्हता. घरातलीचा होता. ती गेली."

"आवं, मग मी दहा दिवस तिला बाप्याच्या आवाजात हाका मारतोय," अल्लाबक्षभाई म्हणाले आणि त्यांनी नूरीनला बोलावलं.

नूरीननं बापाला कुंपणाबाहेर बसवलं. मला विचारलं, काकू घोडीला लादताना काय म्हणायच्या? मला माहीत नव्हतं. उभी कुठल्या बाजूला राहायची, तेही माहीत नव्हतं. शेवटी माझी भावजय धोंडुबाई, तिला फोन लावला. ती आधी हसली.

"काय म्हणायची? तुमचीच गाऱ्हाणी सांगायची की. मानंपाशी हुबी राहून, डाव्या अंगाला. म्हाताऱ्यानं ह्यांव केलं, म्हाताऱ्यानं त्यांव केलं. गाऱ्हाणं सरलं की गाठ बसलेली आसायची."

नूरीननं ओढणी डोक्यावरून घट्ट घेतली आणि डाव्या अंगानं हळू हळू मानेपाशी गेली. हात हुंगू दिला. मग घोडीला सांगू लागली की अब्बा डॉक्टरकडं जात न्हाईत, गोळी खिशात ठेवतात आणि घेतली म्हणून सांगतात. कुंपणाबाहेर अल्लाबक्षभाई मान खाली घालून बसले होते. तांबडीचे कान सैल झाले. त्या दिवशी तिनं नूरीनच्या हातून पेंडीभर कडवाळाची वैरण खाल्ली.

मला वाटलं, झालं. नूरीन म्हणाली, "न्हाई काका. मी कोकणात येणार न्हाई. आता तुमी."

तीन आठवडे मी तिथंच राहिलो. जेवण त्यांच्याच घरी, रोज. नूरीन गाठी शिकवायची, चुकली की सोडायला लावायची. गाऱ्हाणं मात्र माझं मलाच सांगावं लागलं. पहिल्या दिवशी नुसतीच गाठ बांधत राहिलो. दुसऱ्या दिवशी दगडाबाईचंच निघालं. मला काही न सांगता गेली, साधी गाठसुद्धा दाखवून गेली नाही, असं. तांबडी ऐकत उभी राहिली. मग रोज बोललो.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. मेंढरांबरोबर दिग्विजय पुढं गेला. मी बायांबरोबर मागं, तांबडी घेऊन. पहिल्याच दिवशी मोठ्या रस्त्यावर ओझं एका बाजूला कललं. भांडी, अंथरूण, वर बांधलेल्या कोंबड्या, सगळं लोंबायला लागलं. बाजूनं ट्रक जात होते. मी घामाघूम होऊन परत बांधत होतो. तांबडी तोवर जागची हलली नाही.

मुक्कामाला पोचल्यावर मी नूरीनला फोन करून हे सांगितलं आणि म्हणालो, पोरी, तुमच्यामुळं घोडी घरात राहिली.

ती म्हणाली, "ती राहिलीच काका. गाठ तेवढी ढिली हाय तुमची."

खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी घट्ट बांधली.