अडतीस मिनिटं

उत्तराने वायरीचं टोक दातांनी सोललं, तांब्याच्या तारा पिळून मोटरच्या स्क्रूखाली सरकवल्या.

"दातांनी नको गं. पकड आहे ना पिशवीत," मधुकरराव म्हणाले.

"पकड तुमच्याच हातात आहे, बाबा."

त्यांनी हाताकडे पाहिलं. होती. त्यांनी ती तिच्या दिशेने पुढे केली आणि हसून घेतलं.

मुलुंडच्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर संध्याकाळचा उजेड आता ओसरत आला होता. पाण्याच्या टाकीशेजारी दुर्बीण उभी होती. तिच्या बैठकीला दोन लहान मोटरा लावल्या होत्या. एक दुर्बिणीला पूर्व-पश्चिम फिरवणार, दुसरी उत्तर-दक्षिण. मोटरांच्या वायरी एका खोक्यात जात होत्या, खोक्यातून संगणकात. संगणक म्हणजे नुसता एक काळा कीबोर्ड. उत्तराच्या मामेभावाने मस्कतहून आणलेला. त्याला पडदा म्हणून खालच्या मजल्यावरच्या सुळ्यांचा छोटा टीव्ही जोडला होता. अंधेरीच्या कंपनीतून आल्यावर उत्तरा गेले दोन महिने या जोडणीमागे होती. कल्पना मात्र वडिलांची.

"मुलांचा वेळ फुकट जातो," त्यांनी तिला सांगितलं होतं. "मी ग्रह शोधेपर्यंत निम्मी मुलं टाकीभोवती पकडापकडी खेळायला लागतात. यंत्राने शोधून दिला तर बरं."

हे खरं होतं, पण सगळं नव्हतं. दिवाळीपासून त्यांच्या दोन्ही डोळ्यांसमोर, अगदी मधोमध, एक धुरकट डाग आला होता. ज्याच्याकडे पाहावं तेच पुसलं जाई, आजूबाजूचं दिसे. चष्म्याने हे जायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरी त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी आसपासची मुलं या गच्चीवर यायची. गेल्या शनिवारी त्यांनी ढग आहेत म्हणून मुलांना परत पाठवलं. जाता जाता एका मुलीने वर पाहत विचारलं होतं, "कुठे आहेत ढग, सर?"

यंत्राने ग्रह शोधला, की आपण नुसतं शेजारी उभं राहून बोलायचं. कुणाला काही कळायचं कारण नाही. पुढच्या हिवाळ्यात हॅलेचा धूमकेतू येणार होता. तो दाखवायचं त्यांनी मुलांना कबूल केलं होतं. उद्या शनिवार. आज रंगीत तालीम.

उत्तराने टेपरेकॉर्डर लावला. कॅसेटमधून किरकिरणारा आवाज काही मिनिटं येत राहिला आणि प्रोग्राम संगणकात उतरला.

"काय काय घालत्येस ते मोठ्याने वाच," ते म्हणाले.

"तारीख घातली. वेळ आठ दहा, मघाशी रेडिओवर लावून घेतलीय. शनीची जागा तुम्ही भिंग लावून पंचांगावरून काढून दिलीत ती. करू सुरू?"

"कर."

मोटरा टकटकू लागल्या. दुर्बीण आपण होऊन वळली, आग्नेयेकडे थोडी वर उचलली गेली आणि थांबली. मग एकच मोटर अगदी सावकाश टकटकत राहिली. आकाश सरकेल तशी ती दुर्बिणीला सरकवणार होती.

"तुम्ही आधी बघा," उत्तरा म्हणाली.

मधुकरराव वाकले. डोळ्यापुढे नेहमीचा डाग होता आणि त्याच्या कडेने फिकट काळोख. त्यांनी मान किंचित तिरकी केली, पुन्हा सरळ केली. शनी असेल तर या डागामागेच असेल.

"वा," ते म्हणाले. "दिसला. अगदी मधोमध आणलायस."

उत्तराने डोळा लावला. फोकसचा स्क्रू एकदा पुढे, एकदा मागे फिरवला. मग म्हणाली, "हो. कडी काय सुरेख दिसत्येय. पुस्तकात असते तशीच."

मधुकररावांनी टाकीच्या कट्ट्यावर बसकण मारली. पाठीतला ताण उतरला. उद्या जमणार होतं.

जिन्यावर चपला वाजल्या. सुळे वर आले.

"वर्तक, शनी तुमच्या दुर्बिणीत आणि साडेसाती माझ्या घरी. बायको विचारत्येय, टीव्ही कुणाला विकलात."

"नऊच्या बातम्यांच्या आत देतो, काका," उत्तरा म्हणाली.

"बातम्यांचं सोड. हे धूड बरोबर तिकडेच कसं बघतं, ते सांग. त्याला काय डोळे आहेत?"

"डोळे नाहीत, म्हणून तर ते घड्याळाला विचारतं," मधुकरराव म्हणाले. हा विषय निघाला की त्यांचा आवाज वर्गातला व्हायचा. "आकाश ठरलेल्या गतीने फिरतं. किती वाजले ते कळलं, की कुठला तारा कुठे आला असेल ते गणिताने निघतं. फक्त एक लक्षात ठेवायचं. आपल्या मनगटावरचं घड्याळ मुंबईचं नसतं, सुळे. ते अलाहाबादच्या बाजूचं असतं. सगळ्या देशाला एकच वेळ हवी म्हणून ती तिथली धरली. तिथे माथ्यावर आलेला सूर्य आपल्या माथ्यावर यायला आणखी अडतीस मिनिटं लागतात."

"आमचे वडील सांगायचे ना. मुंबई टाइम वेगळा, स्टँडर्ड टाइम वेगळा. लग्नपत्रिकेत दोन्ही छापायचे, तरी निम्मं वऱ्हाड उशिरा."

"तेच. म्हणून आकाशाचं गणित करताना घड्याळातून ती अडतीस मिनिटं आधी..."

ते थांबले.

दरवर्षी ते मुलांना हे शिकवत होते. उत्तराला सूत्र समजावताना मात्र सांगायचं राहून गेलं होतं. तिने आठ दहा घातले होते, रेडिओवरचे. म्हणजे दुर्बीण शनीच्या बरीच वर, हात लांब करून मूठ धरली तर मूठभर अंतर सोडून, भलतीकडेच पाहत होती. मघाशी तिच्यात शनी नव्हताच.

आणि त्यांना तो दिसला होता. मग उत्तरालाही दिसला होता, कडीसकट.

त्यांनी मान वळवली. ती टीव्हीसमोर बसली होती. तिचा चेहरा डागात बुडालेला होता, पण कीबोर्डवरचे हात कडेला दिसत होते. ते हलत नव्हते.

"आधी काय?" सुळ्यांनी विचारलं. "थांबलात का? बरं, मला तरी बघू द्या तुमचा शनी."

"एक मिनिट, काका," उत्तरा म्हणाली.

मधुकररावांनी घसा साफ केला. "उत्तरा, वेळेतून अडतीस मिनिटं वजा कर."

का, कशाला, असं तिने विचारलं नाही. कळा दाबल्याचा आवाज आला. मोटरा पुन्हा टकटकल्या, दुर्बीण क्षितिजाकडे झुकली आणि स्थिरावली. उत्तराने डोळा लावून एक बारीक स्क्रू फिरवला.

"या, काका."

सुळे वाकले. "आयला," ते हळूच म्हणाले आणि डोळा लावूनच राहिले. शेवटी सरळ होत म्हणाले, "टीव्ही राहू दे उद्यापर्यंत. बायकोला पाठवतो वर."

त्यांच्या चपला जिन्याने खाली गेल्या. गच्चीवर मोटरची संथ टकटक उरली. उत्तराने संगणकाखालचं वर्तमानपत्र उगाचच सारखं केलं.

"बाबा, डॉक्टरांकडे कधी गेला होतात?"

"दिवाळीनंतर."

"एकटेच?"

"डॉक्टर दादरला बसतात. तुझं ऑफिस होतं."

ती उठून दुर्बिणीपाशी गेली, त्यांच्यासाठी जागा सोडून उभी राहिली. "या ना. जरा तिरकं बघून बघा."

मधुकरराव कट्ट्यावरून उठले. तिच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी तिलाच दुर्बिणीकडे वळवलं.

"उद्या इथे तू उभी राहा. मुलांना ओळीने पुढे घे, नळीला हात लावू देऊ नकोस. मी इथे बसून बोलेन."

"मला नाही येत तुमच्यासारखं, बाबा. काय दाखवायचं असतं ते तरी कळायला हवं."

"म्हणून तर आज तालीम. बघ आणि सांग."

ती वाकली. "मधे गोळा आहे. पिवळसर. त्याच्या भोवती कडी, अंगठीसारखी."

"अंगठी सगळेच म्हणतात," ते म्हणाले. "घाई करू नकोस. तुला दिसतंय तेच सांग."

उत्तराने पुन्हा डोळा लावला. या वेळी तिने बराच वेळ घेतला.