शनिवार-रविवारची गोळी

सलूनवाल्याला सगळ्यात जास्त किळस यायची ती समोरच्या आरशाची. दिवसभर त्यात गिऱ्हाइकाचं थोबाड, आणि मागे त्याचं स्वतःचं, डाव्या कोपऱ्यात लोंबलेलं. छत्तिसाव्या वर्षी पक्षाघात! ऐकणाऱ्यालाही खोटं वाटावं. वस्तरा उजव्या हातातच होता, तेवढं नशीब. पण गिऱ्हाइकाची कातडी ताणायची ती डाव्या बोटांनी, आणि ती मेली अजून अर्धवट बधिर. वस्तरा मधूनच त्या बोटांना लागायचा.

रक्त पातळ करायची गोळी चालू, त्यामुळे एवढ्याशा चिरेचं रक्त पण थांबायचं नाव घेत नसे. एका शनिवारी कापडवाल्याच्या फेसाळ गालावर लाल थेंब टपकला. "शी!" म्हणत कापडवाला अर्ध्या दाढीनिशी उठून गेला.

तेव्हापासून याने परस्पर ठरवून टाकलं, गर्दीचे शनिवार-रविवार गोळी बंद. बायको सकाळी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची, तो गोळी लुळ्या गालात दडवायचा आणि दुकानात येऊन तुरटीच्या डब्यात थुंकायचा. डब्यात गोळ्यांचा बुळबुळीत लगदा झाला होता. झाकण उघडलं की तो लगेच परत लावायचा. पण फेकायलाही हात धजेना.

मग एका रविवारी डाव्या हाताला मुंग्या आल्या, जीभ जड झाली आणि कंगवा गळून पडला. अर्ध्या तासात सगळं ओसरलं, तरी बायकोने त्याला दवाखान्यात नेलंच.

"गोळ्या घेता ना वेळेवर?" डॉक्टरांनी विचारलं.

"घेतो."

"माझ्या हातानं देते मी," बायको ठासून म्हणाली.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. नर्सबाई मात्र स्टूल ओढून बसल्या. "बरं, गोळी घेणं कोणत्या दिवशी जड जातं?"

इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. त्याच्या तोंडून सगळं बाहेर पडलं, डब्यासकट.

"थुंकत होतात?" बायको म्हणाली. आठ महिने याची लाळ पुसताना जिच्या कपाळावर आठी पडली नव्हती, तिने तोंड फिरवलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नर्सबाई शांत होत्या. "गोळी एकही दिवस चुकवायची नाही. आजचा इशारा होता, पुढच्या वेळी हात जाईल. चीर पडली तर कापूस दहा मिनिटं घट्ट दाबायचा. थांबलं नाही तर इथे यायचं. आणि डाव्या हातात रबरी हातमोजा घाला की!"

हातमोजा! एवढ्यासाठी तो मरणाच्या दारात जाऊन आला होता. स्वतःच्या अकलेची त्याला शिसारी आली.

पुढच्या शनिवारी बायकोने पेला ओट्यावर ठेवला आणि ती आत निघून गेली. तिच्या पाठीकडे बघत त्याने गोळी गिळली. दुकानात येऊन डबा घासला, हातमोजा चढवला.

दुपारी कापडवाला आला. हातमोजा बघून चपापला.

"का रे, माझी किळस येते की काय तुला?"

"तुमची नाही शेठ," सलूनवाला त्याचा गाल ताणत म्हणाला, "माझी मला येत होती."