औषधाचा आगार

नागीण उठली ती डाव्या बरगडीखाली. पदराचा काठ लागला तरी निखारा ठेवल्यासारखे होई. धुण्याभांड्याला येणारी शेवंताबाई पाहताच म्हणाली, "अक्का, नागीण शे ही. गेरू लावा." मी तिला मोरीची वाट दाखवली. धुळ्याच्या डॉक्टरांनी दिवसातून पाच वेळा घ्यायच्या गोळ्या दिल्या. शेवटची रात्री दहाला. चुकवलीत तर दुखणे महिनोन् महिने मागे राहू शकते, असे बजावले.

एक्केचाळीस वर्षांत सूर्यास्तानंतर मी पाण्याचा थेंब घेतलेला नाही. साक्रीत आमच्या घराच्या या चौविहाराचा लोक दाखला देतात. दोन दिवस मी पाचवी गोळी घेतली नाही. दोन्ही रात्री बसून काढल्या. कण्हले मात्र नाही, कारण पलीकडच्या खोलीत सून जागी होती.

तिसऱ्या संध्याकाळी मी पच्चक्खाण घ्यायला, म्हणजे रात्रीच्या नियमाचा संकल्प करायला बसले, तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली. रूपल तिचे नाव.

"बाईसा, आज आगार ठेवा. औषधापुरती सूट. शास्त्रातच आहे ती."

"मला शास्त्र शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलेत. रोनकच्या जन्माच्या वेळी माझ्या पोटाला टाके होते. रात्री गोळी मागितली, तर म्हणालात, दुखणे देहाला असते, नियमाला नसते."

"त्याने तू मेली नाहीस."

"तुम्हीही मरणार नाही. नुसते दुखेल."

माझा मुलगा जिनेश वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला होता. तो तेव्हाही असाच बसला होता.

ऊन समोरच्या गच्चीवरून उतरू लागले. सूट उच्चारायची ती संकल्पाआधीच, आणि हिच्यादेखत. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी मी चुकले, हे हिच्या पदरात घालणे. तेवढ्यात कळ आली. जोडलेले हात सुटले.

"औषधाचा आगार," मी म्हणाले.

"ऐकू आले नाही, बाईसा."

"औषधाचा आगार! आजपासून या घरात सर्वांना. तुलासुद्धा."

"मला तेव्हा हवा होता."

तिने गोळी आणि पाण्याचा तांब्या माझ्या उशाशी आणून ठेवला.

"यावर झाकण नाही. रात्री जीव पडतील," मी म्हणाले.

"पाणी उकळलेले आहे," ती म्हणाली, आणि निघून गेली.

झाकण आणायला, बरगडी धरून, मीच उठले.